बुडावरचं अक्षर

रविवारी सकाळी धान्याच्या जुन्या कोठारात
लोक केळ्यांच्या खोक्यांतून आपली घरं विकायला मांडतात.
स्मोलान्डमध्ये ऑगस्ट असा संपतो:
ब्लूबेरीने निळे झालेले ओठ, वॅफलचा करपट वास,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली
कुणाच्या तरी आईची काच.

मी आधी काठावरून नख फिरवतो.
डोळा फसतो, नख फसत नाही.
मग टिचकी. मग कान.
मग उजेडाकडे धरून बघतो, आत साय धरली आहे का.
डिशवॉशरने आजारी पाडलेली काच
कुठल्याच औषधाने बरी होत नाही.
सगळ्यात शेवटी, बैल घेताना दात बघावेत
तसं बूड बघतो.
रुनग्रेनचं नाव असलं तर सहाशे क्रोनर,
नसलं तर चाळीस.

अठ्ठावीस वर्षं हेच.
बायको म्हणायची, फुलदाण्या आणतोस,
फुलं मात्र एकदाही नाही.
खरं होतं.

त्या रविवारी धुराच्या रंगाची एक मिळाली,
खाली जाड, वर निमुळती, पोटात एकच बुडबुडा.
मी नोटा मोजत होतो, तेवढ्यात
शेजारच्या टेबलावर लोकरी मोजे विकणारी म्हातारी म्हणाली, दाखवा.
तिने चष्मा काढला, बुडाला डोळा लावला,
म्हणाली, ही माझी.

मी फुलदाणी छातीशी धरली.
पैसे दिलेत मी, म्हणालो, पावती घेतो.
पावती ठेवा तुमच्याकडे, डॅग्नी म्हणाली.
जी बघा. जीचं शेपूट.

चौपन्न साली, शाळा सुटल्यासुटल्या, तिला बसवलं
भट्टीमागच्या खोलीत, हिऱ्याच्या सुईपुढे.
दिवसाला दोनशे बुडं.
दोनशे वेळा रुनग्रेन, रुनग्रेन,
पगाराच्या कागदावर स्वतःचं नाव लिहिताना हात अडायचा.
साहेब वर्षातून दोनदा यायचे, हिरव्या गाडीतून,
हातमोजे न काढता हवेत एक आकार काढायचे
आणि जेवायच्या आत परत जायचे.

या शेपटापायी बाईंनी बोटांवर पट्टी मारली होती,
ती म्हणाली. म्हणे अक्षराला वळण नाही.
आता म्युझियमात आहे.
तिला हसू आलं, मग खोकला.

घरी काय काय आहे तुमच्याकडे?
हावरटासारखं विचारून गेलो.
काच? दिवसभर काच, आणि घरी परत काच?
थर्मासमधली कॉफी तिने ओतली
टवके उडालेल्या एनॅमलच्या मगात.
मी मोज्यांचा एक जोड घेतला. घासाघीस केली नाही.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
एक्केचाळीस नग उपडे घातले.
इतकी वर्षं मी नाव वाचत होतो,
अक्षर कधी बघितलंच नव्हतं.
एकोणीस शेपटीवाले.
बाकीचे ताठ, घाईतले, गाडी चुकेल असे.
आणि एक हिरवा वाडगा:
रुन, एवढंच, मग एक लांब ओरखडा
काठापर्यंत गेलेला.
तो मला तीस टक्के कमी पडला होता.

फोन केला. साडेनऊ वाजले होते,
आमच्याकडे ही कुणाला फोन करायची वेळ नव्हे.
ताठ अक्षर कुणाचं?
मायलिसचं. लग्न करून कॅनडात गेली. बाराखडी येत होती एवढंच.
आणि अर्धवट सुटलेलं?
तिच्या घरातलं घड्याळ मला ऐकू आलं.
रंग कुठला?
हिरवा. वाडगा आहे.
फेब्रुवारी असेल, ती म्हणाली. त्या दिवशी भट्टीवर…
मग म्हणाली, उद्या घेऊन या. धुऊ नका.

वाडगा टॉवेलात गुंडाळून दाराशी ठेवलाय.
वहीत त्याच्यापुढे माझ्याच हातचं आहे:
दोष – सही अपूर्ण.
खोडायला पेन उचललं.
मग म्हटलं, आधी उद्या होऊ दे.